चंचीचं चित्र

नमस्कार श्रोतेहो. आज एका चित्राविषयी बोलणार आहे. चित्र जलरंगातलं, आणि चित्रात आहे चंची. पानसुपारीची कापडी चंची, पुरती उलगडून ठेवलेली.

हिरवं खणाचं कापड, लाल काठ, त्यावर पांढरा धावदोरा. आता नीट ऐका. जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागद कोरा राखतात. म्हणजे तो एकेक टाका रंगवलेला नाही, राखलेला आहे. पुन्हा सांगते, राखलेला आहे. हिरवा रंग टाक्यापाशी येऊन थांबलाय. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे सोपं नव्हे. कुंचला फिरेस्तोवर रंग वाळतो आणि नको तिथे कड उमटते.

चित्र काढलंय अंबाजोगाईच्या एका चित्रकला शिक्षकांनी. शाळांनी चित्रकलेचा तास गणिताला देणं बंद करावं, हे मी दर वेळी म्हणते, आजही म्हणते.

तर, हे चित्र बघायला मी आमच्या आत्याबाईंना घेऊन गेले. जन्मभर कमरेला चंची. काठी टेकत त्या भिंतीपाशी गेल्या, आणि पार नाक टेकेल इतक्या जवळून बघत राहिल्या. काथाच्या डागावर बोट नेलं, डोरीच्या कवडीवर नेलं. मग मधल्या कप्प्यावर थांबल्या. म्हणाल्या, "गुर्जी, ह्या बाईचा अडकित्ता कुठाय?"

गुरुजी म्हणाले, "आजी, चंची रिकामीच होती."

"आता रिकामी आसंल. पर ह्यात अडकित्ता ठिवत व्हती ती. बघा की, कापड खालून कसं लोंबलंय!"

गुरुजी गप्प झाले. चंची त्यांच्या आजीची, अडकित्ता त्यांनी कधी पाहिलेला नाही. त्या कप्प्याखाली सावली दिसली, म्हणून एकावर एक तीन हात देऊन त्यांनी ती गडद केली. एवढंच. दिसलं तसं काढलं, आणि अडकित्त्याचं वजन चित्रात आलं. आत्याबाईंनी ते वाचलं.

अमेरिकेत मंदीच्या काळात, १९३५ ते १९४२, सरकारनं चित्रकारांना हेच काम दिलं होतं. गोधड्या, खेळणी, भांडी जलरंगात हुबेहूब उतरवायची. अशी १८,००० च्या आसपास चित्रं आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत. आपल्याकडे पैठणीचं, हिमरूचं कौतुक होतं, व्हावंच. पण चंचीकडे, वाकळेकडे कोण बघतो?

जुन्या पेटीत चंची सापडली, तर आधी धुऊ नका. खिडकीपाशी तिरप्या उजेडात उलगडून ठेवा, आणि कुठला कप्पा लोंबलाय ते बघा.