अंजिराची मोळी

मंडळी नमस्कार. आजचा विषय म्हणजे बर्फाच्या देशात हिवाळ्यात झाडं कशी जगवायची, तसा आपल्या हवामानाबाहेरचा आहे, पण कोल्हापुरात आता गल्लीत एक तरी घर असतंय ज्यांचं पोरगं कॅनडात नाहीतर जर्मनीत, आणि ते फोनवर विचारतंय, आई, कुंडीतल्या लिंबाचं काय करू, बर्फ पडायला लागलाय. आपल्याकडं पारा १४ वर आला की रंकाळ्यावर माकडटोप्या दिसतात, तिकडं तो उणे २० ला जातो.

तर एवढंच लक्षात ठेवा, पानं गाळणारं झाड अंधारात झोपू दे, हिरवं राहणारं उजेडात ठेवा. परत सांगतो, अंजीर अंधारात, लिंबू उजेडात.

माझी मावसबहीण टोरांटोला असते. तिच्या सासूबाई शिरोळकडच्या, उसाच्या रानात वाढलेल्या, बाळंतपणाला तिकडं गेल्या होत्या. नोव्हेंबरातली सकाळ, भाकरी थापताना खिडकीतून बघतात तर शेजारचा इटालियन म्हातारा मागच्या अंगणात लांबच्या लांब चर खणतोय, बाजूला दोरी आणि जुना गालिचा. सासूबाईंनी तवा तसाच ठेवून सुनेला हाक मारली, अगं ऊठ, ह्यानं कुणाला तरी मारलंय! सून बाळाला घेऊन आली आणि हसत सुटली, अहो आई, तो अंजीर पुरतोय. आता हे त्यांना त्याहून भयंकर वाटलं, जितं झाड पुरायचं? शाल गुंडाळून तशाच बाहेर. तर म्हाताऱ्यानं झाडाच्या एका अंगाच्या मुळ्या तोडल्या होत्या, दुसऱ्या अंगाच्या जमिनीतच, आणि झाड हळूहळू चरात आडवं करत होता. वर फळ्या, गालिचा, पालापाचोळा, मग माती. अंजिराच्या फांद्या उणे १० च्या खाली मरायला लागतात, पण हवा कितीही गारठू दे, मातीखाली तेवढी थंडी पोचत नाही. फक्त त्या फांद्या काय आवरेनात, दोरी गुंडाळली की एक इकडून सुटतीय, एक तिकडून. सासूबाईंना राहवेना. सरका म्हणाल्या, मराठीतच. गुडघा लावला, दोरीला पीळ दिला, उसाची मोळी आवळतात तशी तीन ठिकाणी आवळली, पिळाचं टोक खाली खोचलं, झालं. ह्यांना इटालियन येत नाही, त्याला मराठी येत नाही, इंग्रजी दोघांचं यथातथाच, तरी दोघं बराच वेळ भांडल्यासारखं बोलत होते म्हणे. एप्रिलमध्ये त्यानं झाड उकरून उभं केलं, एक फांदी मोडली नव्हती. सासूबाई तोवर परत आल्या होत्या, पण पुढच्या नोव्हेंबरात म्हातारा दोरी घेऊन दारात हजर, मदर कुठाय? शेवटी व्हिडिओ कॉल लावला आणि बाईंनी शिरोळात बसून त्याला गाठ शिकवली, ओरडून ओरडून.

असो, निम्मा वेळ ह्यातच गेला. कुंडीतला अंजीर असेल तर खणायला नको, पानं झडली की गॅरेजात ढकला, पाचेक अंश चालतंय, महिन्यातून एकदा थोडं पाणी. तिकडं गॅरेजात झाडं तरी राहतात, आपल्याकडं गॅरेजात जुनी कपाटं आणि गाडी दुसऱ्याच्या दारात, त्यावर एकदा वेगळं बोलायला पाहिजे.

लिंबू-संत्र्याला मात्र उजेड. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं व्हर्सायला १६८४ ते १६८६ मध्ये ह्याच झाडांसाठी दक्षिणेकडं तोंड करून मोठ्या खिडक्यांची दगडी इमारत बांधून घेतली, आपल्या पोरांना एक खिडकी बास. हिटरशेजारी नको, आणि पाणी बेतानं. पानावर ऊन आणि कुंडी गार, असं झालं की मुळं पाणी ओढत नाहीत, पानं गळतात, आणि पोरं घाबरून आणखी पाणी ओततात. मिरची छाटून आत घ्या, आपण तिला एका हंगामाचं पीक समजतो, पण झाड कैक वर्षं जगतंय.

तर परत, अंजीर अंधारात, लिंबू उजेडात, पाणी दोघांना कमी. मे महिन्यात बाहेर काढताना एकदम उन्हात नको, आठवडाभर सावलीत, रात्री आत. आणि आत्ता झाडं घरात घेण्याआधी पानाची खालची बाजू बघायला सांगा, एका कुंडीतनं पिठ्या ढेकूण आत आला की खिडकीतल्या सगळ्या कुंड्या धरतोय. चला, बातम्यांची वेळ झाली.