जिन्याखालच्या पत्त्यावर आलेलं पत्र

मंडळी, आज मी हॅरी पॉटरच्या पहिल्या पुस्तकातल्या एका पाकिटापासून सुरुवात करते. आमच्या बालवाचनालयात तो भाग मी मुलांना कितीतरी वेळा वाचून दाखवलाय. हॅरी, दहा वर्षांचा मुलगा. आईवडील नाहीत, मावशीकडे वाढतोय, झोपायला जिन्याखालचं कपाट. त्याला आजवर कुणी पत्र लिहिलेलं नाही. आणि एके सकाळी एका जादूच्या शाळेचं पत्र येतं. पाकिटावर नाव, घर क्रमांक, गाव सगळं आहेच. पण नावाच्या लगेच खाली लिहिलंय, ‘जिन्याखालचं कपाट’.

काका घाबरतात आणि त्याला वरच्या खोलीत हलवतात. पुढच्या पाकिटावर ‘सगळ्यात लहान खोली’. घर सोडून हॉटेलात जातात, तर तिथे ‘खोली क्रमांक १७’. शेवटी समुद्रातल्या एका खडकावरच्या झोपडीत जाऊन दडतात. पोरगा तिथे जमिनीवर झोपलाय. पत्ता काय? ‘जमीन, खडकावरची झोपडी, समुद्र’.

इथे मुलं अगदी चिडीचूप होतात. हॅरीच्या हातात अजून जादूची कांडी आलेली नाही, झाडूवर बसून उडणं तर लांबच. तरी पुस्तक हातातून सुटत नाही. घरात ज्याच्याकडे कुणी वळून बघत नाही, तो कुठे पाठ टेकतो हे कुणालातरी नेमकं ठाऊक आहे! ही भूक लाडाकोडात वाढलेल्या मुलालाही असते, हे मी रोज बघते.

लोक म्हणतात, ही पुस्तकं एवढी गाजली ती जाहिरातीनं, सिनेमानं. मला ते पटत नाही. बारा प्रकाशकांनी परत पाठवलेलं हे पुस्तक लंडनच्या ब्लूम्सबरीनं जून १९९७ मध्ये काढलं, तेव्हा पुठ्ठा बांधणीच्या प्रती छापल्या ५००. त्यातल्या ३०० ग्रंथालयांत गेल्या. त्याच वर्षी त्याला ब्रिटनमधलं बालसाहित्याचं स्मार्टीज पारितोषिक मिळालं, तेही मुलांच्या मतांवर. २००० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सर्वाधिक खपाच्या मुलांच्या पुस्तकांची वेगळी यादी सुरू करावी लागली, कारण नेहमीच्या यादीत वरच्या जागा ही पुस्तकं अडवून बसली होती. पहिला सिनेमा आला २००१च्या नोव्हेंबरात. तोवर चार भाग वाचून झाले होते. पुढे जाहिरात झाली, प्रचंड झाली, पण ती पेटलेल्या चुलीवर फुंकर होती.

मग आग कशानं पेटली? माझं म्हणणं असं, की लेखिका जे. के. रोलिंगबाईंनी वाचणाऱ्या मुलाला हुशार धरलं. पाचव्या भागात, म्हणजे २००३ साली, एका जुन्या वाड्याची साफसफाई चाललीय. कपाटातून नाना चमत्कारिक वस्तू निघताहेत. त्या यादीत, येताजाता म्हणावं तसं, एक जड लॉकेट येतं. कुणालाच ते उघडत नाही. बस्स. लगेच पुढे दुसरीच वस्तू. सहाव्या भागाच्या शेवटी, २००५ साली, एक नकली लॉकेट हाती लागतं. आत चिठ्ठी, खाली सही ‘आर. ए. बी.’. ही सही कुणाची आणि खरं लॉकेट कुठलं, याचा खुलासा २००७च्या सातव्या भागात: लॉकेट त्या साफसफाईतलंच, आणि सही त्या वाड्याच्या ब्लॅक घराण्यातल्या एकाची. मधली दोन वर्षं जगभरातली मुलं काय करत होती? जुने भाग काढून पुन्हा चाळत होती. ज्यांना ती साफसफाई आठवली, ती आनंदानं उडाली असतील.

यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट भाषांतरांची आहे. सहीतला ‘बी’ म्हणजे ब्लॅक हे आडनाव, पण डच अनुवादात ते ‘झ्वार्ट्‌स’ केलेलं होतं. सहावा भाग डचमध्ये आला, तर चिठ्ठीखालची सही ‘आर. ए. झेड.’. नॉर्वेजियनमध्ये आडनावाचं पहिलं अक्षर एस, आणि सहीतही एस. वाचकांनी भाषाभाषांच्या प्रती शेजारी ठेवून आडनाव पक्कं केलं! ही काही परीक्षा नव्हती, कुणी गुण देणार नव्हतं.

नायक पहिल्या भागात अकरा वर्षांचा होतो आणि शेवटी सतरा; वाचकही त्याच्याबरोबर मोठे झाले, पुस्तकं जाडजूड आणि काळोखी होत गेली. हे तुम्ही जाणताच. जादूच्या शाळेची गाडी ज्या फलाटावरून सुटते, त्याचं मात्र सांगायलाच हवं. इंग्रजीत त्याला ‘नऊ आणि तीन चतुर्थांश’ असं लांबलचक म्हणावं लागतं. आपल्याकडे ‘पावणेदहा’ हा शब्द तयारच आहे, रोज घड्याळात वापरतो. फलाट पावणेदहा, गाडी अकराची, हे मुलांना फार आवडतं.

मालिका मराठीतही आली. आमच्याकडे सहावीतली एक मुलगी मराठी भाग ओळीनं नेत होती. सातवा परत करायला आली तेव्हा मी तिला म्हटलं, ते लॉकेट पाचव्यातच येऊन गेलंय, बघितलंस का? तिचा विश्वास बसेना. पाचवा भाग मागून घेतला आणि टेबलाशी उभ्या उभ्याच पानं उलटायला लागली. बराच वेळ गेला. बाहेर तिची आई खोळंबली होती. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मावशी, हे इथेच होतं. आणि मी वाचलंसुद्धा होतं!”

पाचवा भाग तिनं पुन्हा घरी नेला.