बॅटरीकडचं टोक

(दृश्य: इन्व्हर्टरची ट्रॉली, झाकण बाजूला काढलेलं. बॅटरीची दोन टर्मिनलं जवळून.)

बारा व्होल्टला कुणी घाबरत नाही. या दोन टर्मिनलांवर कोरडे हात ठेवले तर काही जाणवतही नाही. कोरड्या कातडीचा रोध काही हजार ओहम असतो, त्यामुळे अंगातून जाणारा प्रवाह जेमतेम काही मिलिअँपिअर. त्यावरून आपण ठरवून टाकतो की ही बॅटरी गरीब आहे, काही करत नाही.

आता त्याच दोन टोकांवर लोखंडी पाना आडवा पडला असं समजा. 150 अँपिअर-तासाच्या बॅटरीचा अंतर्गत रोध पाच मिलिओहम धरू. 12.6 व्होल्ट भागिले 0.005 ओहम. उत्तर येतं अडीच हजार अँपिअर. पान्याचा आणि टेकलेल्या टोकांचा रोध धरला की आकडा खाली येतो, तरीही तो शेकड्यांत, कधी हजारांत राहतो. घरात येणाऱ्या विजेवर 32 किंवा 40 अँपिअरचा एमसीबी असतो. बॅटरीच्या दोन टर्मिनलांमध्ये असं काहीच नसतं. पाना तिथेच चिकटतो, लाल होतो, शिशाचं टर्मिनल वितळतं.

पान्याच्या जागी बोटातली अंगठी असेल, तर ती क्षणात तापते आणि बोटाला गोल भाजते. अशा भाजण्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत, आणि बहुतेक वेळा एक बाजू पान्याला टेकलेली, दुसरी गाडीच्या पत्र्याला. अंगठी, कडं, स्टीलच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवूनच बॅटरीला हात लावायचा. सोनं तर तांब्याच्या खालोखाल वीज वाहून नेतं.

(दृश्य: गॅरेज. मेकॅनिक बॅटरी सोडवतो आहे.)

हा मेकॅनिक आधी मायनस काढतो आहे, ते नीट बघा. आजच्या गाड्यांमध्ये मायनस बॉडीला जोडलेला असतो, म्हणजे सगळा पत्रा मायनसच. आधी प्लस सोडवायला गेलो आणि पाना पत्र्याला लागला, तर तो थेट शॉर्ट. मायनस आधी निघाला असेल, तर तोच पाना पत्र्याला लागूनही काही होत नाही. बसवताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी.

चार्जिंग होताना लेड-ॲसिड बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत त्याचं प्रमाण चार टक्क्यांवर गेलं की ठिणगी पुरते, बॅटरीचं कवच फुटतं आणि सल्फ्युरिक ॲसिड तोंडावर उडू शकतं. म्हणून बंद गाडी दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल लावताना शेवटची क्लिप बंद पडलेल्या गाडीच्या बॅटरीवर लावत नाहीत. ती इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब लावतात. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडणारच, ती गॅसपाशी उडू द्यायची नाही.

हे सगळं हातांच्या शिस्तीवर चालतं. हात दमतात, अंधार असतो, कुणीतरी हाक मारतं. म्हणून जिथे बॅटरी वारंवार काढायची-जोडायची असते, तिथे शिस्तीपेक्षा कनेक्टरवर भरवसा ठेवलेला बरा.

(दृश्य: भिंतीवरचं सॉकेट, मग मोबाइल चार्जरच्या पिना.)

भिंतीकडे बघा. वीज जिकडून येते तिकडे भोकं आहेत, धातू आत लपलेला. उघड्या पिना आहेत त्या उपकरणाकडे, जिथे जोडल्याशिवाय वीज नाही. बॅटरीलाही हाच नियम. बॅटरीकडच्या वायरला नेहमी फिमेल भाग, म्हणजे भोकांचा, उघडा धातू तिकडे अजिबात नको. साधी गोष्ट आहे, पण दुकानादुकानांत, शेतावरच्या जोडण्यांत, मंडपाच्या दिव्यांत मला ती उलटी दिसते. बॅटरीच्या वायरला दोन लखलखत्या पिना, आणि त्या पिशवीत किल्ल्यांबरोबर.

त्याहून वाईट म्हणजे बारा व्होल्टला घरचा टू-पिन प्लग लावणं. स्वस्त असतो, कुठेही मिळतो, म्हणून लावतात. तो उलटाही बसतो, म्हणजे प्लस-मायनसची अदलाबदल. आणि एखाद्या संध्याकाळी घरातलं कुणीतरी तोच प्लग 230 व्होल्टच्या भिंतीत घालतं. ज्या प्लगला भिंतीचं सॉकेट स्वीकारतं, तो बॅटरीच्या कामाला वापरूच नये.

(दृश्य: पिवळा एक्सटी-60. कापलेले दोन कोपरे जवळून.)

ड्रोन आणि खेळण्यांच्या विमानांच्या जगात हा पिवळा कनेक्टर रुजला आहे. नाव एक्सटी-60, साठ अँपिअरसाठी. एका बाजूचे दोन कोपरे कापलेले, त्यामुळे उलटा बसत नाही. बॅटरीला फिमेल भाग.

पण कनेक्टर बदलतानाचा एक क्षण फार धोक्याचा. जुना काढायला दोन्ही वायरी पकडीत एकत्र धरून कापल्या, तर पकडीचं पातंच शॉर्ट करतं. एकावेळी एकच वायर कापायची, तिच्यावर सोल्डर करून स्लीव्ह चढवायची, मगच दुसरीला हात. लिथियमच्या पॅकमध्ये तर हे कडकपणे पाळायला हवं. तिथला द्रव जळणारा आहे, आणि एक सेल तापून पेटला की शेजारचे सेलही त्याच वाटेने जातात.

बॅटरी कधी वीज देते, कधी घेते. सोलर पॅनेल एका बाजूला, बॅटरी दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन्ही टोकं जिवंत. मग फिमेल कुठे लावायचं? याचं उत्तर अँडरसन कनेक्टरमध्ये आहे. त्याचे दोन्ही भाग अगदी सारखे, मेल-फिमेल असा भेद नाही, आणि धातू दोन्हीकडे प्लास्टिकच्या आत. बॅटरीवर चालणाऱ्या फोर्कलिफ्टला असे मोठे कनेक्टर असतात, आणि त्यांच्या रंगांना अर्थ असतो: पिवळा 12 व्होल्ट, लाल 24, करडा 36, निळा 48. वेगळ्या रंगाचे दोन भाग एकमेकांत बसतच नाहीत. 48 व्होल्टचा चार्जर 24च्या बॅटरीला लागण्याचा प्रश्न तिथेच मिटतो. अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांनी आपत्तीच्या कामासाठी याच घराण्यातला लहान पॉवरपोल ठरवून घेतला, आणि लाल-काळा भाग कोणत्या बाजूला याचाही एकच क्रम ठेवला, म्हणजे अनोळखी माणसाची बॅटरीही आपल्या सेटला बिनधास्त लावता येते.

(दृश्य: प्लस टर्मिनलपाशी फ्यूज.)

चांगला कनेक्टरही वायर कुठेतरी सोलली गेली तर काही करू शकत नाही. तिथे फ्यूज लागतो, आणि तो प्लसच्या अगदी जवळ, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कुणीच वाचवत नाही. आकडा वायरीच्या जाडीवरून ठरवायचा. गाडीत मिळणारे पात्याचे फ्यूज सहसा 32 व्होल्टपर्यंतचे असतात. ई-रिक्षाच्या 48 व्होल्टला ते चालत नाहीत, कारण बॅटरीची वीज डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी, आणि फ्यूज वितळला तरी तिचा आर्क, म्हणजे फटीतून हवेत पेटत राहणारी ठिणगी, तुटत नाही. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, डीसी कधीच येत नाही.

आणि क्रिम्प, म्हणजे वायरीवर दाबून बसवलेला जोड, घट्ट हवा. 30 अँपिअरच्या वाटेत नुसता 0.02 ओहमचा सैल जोड असेल, तर तिथे 18 वॅटची उष्णता साठते. बाजारात 25 वॅटचा सोल्डरिंग आयर्न मिळतो. जोड हात लावून गरम लागला तर प्रवाह बंद करून तो कापून नवा करायचा, चिकटपट्टी गुंडाळून पुढे जायचं नाही.

(दृश्य: जुन्या बॅटऱ्यांचा खोका. एकीच्या टोकावर चिकटपट्टी लावली जाते.)

चिकटपट्टीची खरी जागा इथे आहे. नऊ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला असतात, ड्रॉवरमधली एक किल्ली पुरते. टॉर्च पेटवू न शकणारी बॅटरीही ठिणगीपुरती शिल्लक बाळगून असते. विमानात सुटी लिथियम बॅटरी किंवा पॉवर बँक चेक-इनच्या सामानात टाकता येत नाही, केबिनमध्येच न्यावी लागते, टोकं झाकून. परवानगीशिवायची मर्यादा 100 वॅट-तास. 20,000 मिलिअँपिअर-तासाची पॉवर बँक 74 वॅट-तासांची, म्हणजे चालते. भंगारात किंवा दुकानात परत देताना जुन्या बॅटरीच्या प्रत्येक टोकावर पट्टी लावा, आधी प्लसवर.