तेरुएल: थंडी, कोरडी हवा आणि मोकळी जागा

[दृश्य: सारिओन. हिवाळ्यातली सकाळ. ओकच्या झाडांच्या सरळ रांगा.]

कुत्री थबकते. पंजानं दोनदा माती उकरते आणि मालकाकडे बघते. तो गुडघे टेकून बसतो, आधी तिला खाऊ देतो, मग चिमूटभर माती नाकाशी नेतो. वास पटला की लोखंडी पातं काढून अलगद खणायला लागतो. हाती येते काळी, खडबडीत गाठ. काळा ट्रफल. ओकच्या मुळांशी वाढणारी ही बुरशी युरोपातल्या बड्या हॉटेलांत सोन्यासारखी जपून किसली जाते.

सारिओन हे स्पेनच्या तेरुएल प्रांतातलं गाव. जगात काळा ट्रफल सर्वाधिक पिकतो तो याच टापूत. मुळांवर बुरशी चढवलेली रोपं लावायची, उन्हाळ्यात पाणी द्यायचं आणि आठ-दहा वर्षं वाट बघायची. जमीन चुनखडीची, दगडगोट्यांची. धान्यानं इथे कुणाचं पोट नीट भरलं नाही. ट्रफलला मात्र नेमकी हीच जमीन मानवते.

ज्या गोष्टींपायी माणसं तेरुएल सोडून गेली, त्याच गोष्टी आता इथे विकल्या जातात.

[दृश्य: उंचावरून माळरान. दूर एक गाव.]

प्रांताचा पसारा जवळपास 14,800 चौरस किलोमीटर आणि वस्ती जेमतेम 1 लाख 35 हजार. शंभर वर्षांपूर्वी ती अडीच लाख होती. बाकीचे बार्सिलोना, व्हॅलेन्सिया, सारागोसा या शहरांत गेले. थंडीचं म्हणाल, तर 1963 च्या डिसेंबरात प्रांतातल्या कालामोचा गावात पारा उणे 30 अंशांपर्यंत उतरला होता.

[दृश्य: हॅम सुकवण्याचं कोठार. छतापर्यंत टांगलेल्या तंगड्या.]

या थंड, कोरड्या हवेत डुकराची तंगडी वर्षभराहून जास्त काळ मुरते. पारखी माणूस हाडाची बारीक सुई मांसात खुपसतो, बाहेर काढतो आणि लगेच नाकाला लावतो. वास बिघडलेला असेल तर माल बाद. 1984 मध्ये स्पेनमध्ये हॅमला पहिला मूळस्थानाचा अधिकृत दर्जा मिळाला, तो तेरुएलच्या हॅमला.

[दृश्य: विमानतळ. एकामागे एक उभी जंबो विमानं.]

आणि हा विमानतळ. इथून नियमित प्रवासी विमान एकही सुटत नाही! 2013 पासून इथे विमानं येतात ती उभी राहायला, दुरुस्तीला, नाहीतर मोडीत निघायला. कोरड्या हवेत गंज कमी चढतो आणि जागेला तोटा नाही. 2020 मध्ये जगभरची उड्डाणं थांबली, तेव्हा इथे मात्र विमानांची दाटी झाली होती.

[दृश्य: तेरुएल शहर. सान मार्तीनचा मनोरा.]

शहरातले विटांचे मनोरे चौदाव्या शतकाच्या आसपासचे. ख्रिस्ती राजवटीत मुस्लिम कारागिरांच्या परंपरेतून घडलेली ही मुदेहार शैली. हिरव्या-पांढऱ्या चकाकत्या फरशा विटांत अशा बसवल्यात की ऊन फिरेल तशी भिंत बदलते. 1986 मध्ये युनेस्कोनं हे मनोरे जागतिक वारशात घेतले. फेब्रुवारीत दिएगो आणि इसाबेल या दंतकथेतल्या प्रेमिकांचा उत्सव भरतो, अख्खं शहर मध्ययुगीन कपडे चढवतं. शिवाय डायनासोरची हाडं सापडतात म्हणून 2001 मध्ये दिनोपोलिस हे डायनासोरांचं उद्यान उभं राहिलं. पोरंबाळं घेऊन येणारी कुटुंबं मुख्यतः तिथेच येतात.

पर्यटन कामाचं आहे, पण त्याच्यावर सगळा भार टाकू नये. प्रांतातल्याच अल्बारासीन या जुन्या गावाच्या गुलाबी भिंतींपुढे शनिवारी पाय ठेवायला जागा नसते. मंगळवारी हॉटेलवाला माश्या मारत बसतो.

[दृश्य: मोर्चाची जुनी छायाचित्रं.]

‘तेरुएल एक्सिस्ते’, म्हणजे तेरुएल अस्तित्वात आहे, अशी घोषणा देत 1999 मध्ये लोक रस्त्यावर आले. मागण्या साध्या होत्या: रेल्वे, रस्ते, दवाखाने. 2019 मध्ये याच चळवळीचा एक खासदार निवडून आला. जानेवारी 2020 मध्ये स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांचं सरकार 167 विरुद्ध 165 मतांनी स्थापन झालं, त्या 167 मध्ये त्याचं मत होतं. 2023 मध्ये ती जागा गेली. माद्रिदची थेट रेल्वे अजून नाही.

[दृश्य: गल्ली. कुलूप लावलेली दारं.]

त्यात 2020 मध्ये प्रांतातल्याच अंदोरा गावातलं कोळशाचं वीजकेंद्र बंद पडलं आणि खाणपट्ट्यातला पगारी रोजगार आटला. ट्रफलच्या गावांत उलटा पेच आहे. काम आहे, पण भाड्यानं घर मिळत नाही. घरं आहेत, कुलपात. मालकांची मुलंबाळं शहरात राहतात, ऑगस्टमध्ये येऊन पंधरा दिवस खिडक्या उघडतात. आजोबांचं घर विकायला मन होत नाही आणि भाड्यानं द्यायचं तर आधी छप्पर शाकारायला हवं.