काचेतली भुतं, हातातला फोन

(दृश्य : अंधारं टेबल. मागे पुठ्ठ्याची छोटी खोली, खोलीत एक खुर्ची. रिकामी.)

खुर्चीवर नजर ठेवा.

(दिवा हळूहळू उजळतो. खुर्चीत बाहुली उमटते. तिच्या अंगातून खुर्चीची पाठ दिसते.)

बाहुली खुर्चीत नाही. ती कॅमेऱ्याच्या खाली आहे, फळीआड. मधे एक काच उभी आहे. ती तुम्हाला दिसली नाही, आणि सगळा खेळ त्या न दिसण्यावरच आहे.

(दृश्य : खोलीतले सगळे दिवे लागतात. मांडणी बाजूने दिसते.)

मांडणी अशी. दीड फूट बाय दोन फुटांची, ४ मिलिमीटर जाडीची साधी काच, ओळंब्यात उभी केलेली. तिच्या पलीकडे खोली. अलीकडे दोन फळ्या : वरच्या फळीवर कॅमेरा, म्हणजे प्रेक्षकाचा डोळा, खालच्या फळीवर काचेकडे तोंड करून बसवलेली बाहुली आणि तिचा दिवा. बाहुली काचेपासून ४० सेंटिमीटर अलीकडे, म्हणून खुर्चीही काचेपासून बरोबर ४० सेंटिमीटर पलीकडे. हे अंतर चुकलं की बाहुली खुर्चीपुढे तरंगते, नाहीतर पाठीतून आरपार जाते.

साधी काच तिच्यावर पडलेल्या उजेडापैकी जेमतेम आठ-दहा टक्के परत पाठवते, बाकीचा पलीकडे निघून जातो. त्यामुळे बाहुलीवर खोलीपेक्षा दहा-बारा पट प्रखर उजेड लागतो. तो उजेड काचेतून थेट खोलीत सांडता कामा नये, म्हणून दिव्याला काळ्या पुठ्ठ्याची झडप. बाहुलीच्या पाठीमागे काळी मखमल, नाहीतर बाहुलीबरोबर फळीचंही भूत दिसतं.

बिघडतं कुठे? जाड काच घेतली तर दोन बाहुल्या दिसतात, कारण काचेचा पुढचा पृष्ठभाग एक प्रतिबिंब देतो आणि मागचा दुसरं. खोलीत उजेड वाढला की बाहुली विरघळते. आणि काचेवर धूळ बसली, बोटांचे ठसे उठले, की तिरप्या उजेडात काचच दिसायला लागते. काच दिसली की संपलं.

ही करामत जुनी आहे. कल्पना हेन्री डर्क्स यांची. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ साली ती रंगमंचावर आणली जॉन हेन्री पेपर यांनी, आणि नाव त्यांचंच चिकटलं. आजही तिला पेपरचं भूतच म्हणतात.

(दृश्य : कॅलिफोर्निया, अ‍ॅनाहाइम. डिस्नेलँडमधली हॉन्टेड मॅन्शन. पांढरे खांब, लोखंडी फाटक, फाटकाबाहेर रांग.)

तिचा सगळ्यात मोठा संसार इथे आहे. ९ ऑगस्ट १९६९ पासून.

बाहेरून दिसते तेवढ्या हवेलीत ही राइड मावतच नाही. डिस्नेलँडभोवती मातीचा बांध आहे, त्या बांधावरून आगगाडी फिरते, आणि भुतांची खरी इमारत बांधाच्या पलीकडे आहे. माणसांना तिथवर न्यायचं कसं, तर रुळांखालून.

(दृश्य : अष्टकोनी खोली. भिंतीवरची चार चित्रं लांब होत जातात.)

खोली ताणली जाते आहे असं वाटतं. प्रत्यक्षात ही लिफ्ट आहे. जमीन खाली जाते, आणि चित्रांचा लपलेला खालचा भाग उघडा पडत जातो. दार उघडतं तेव्हा तुम्ही जमिनीखाली असता. पुढचा चित्रांचा लांब बोळ म्हणजे रुळांखालचा बोगदा. फ्लोरिडात डिस्नेची दुसरी बाग आहे, मॅजिक किंगडम. तिथल्या अशाच हवेलीत लिफ्टची गरज नव्हती. तिथे जमीन जागेवर राहते आणि छत वर जातं. अडचणीतून निघालेली युक्ती इतकी आवडली, की अडचण नसतानाही ठेवली.

(दृश्य : काळ्या, शिंपल्यासारख्या गाड्यांची न थांबणारी माळ.)

गाड्या एका साखळीत आहेत, एरवी थांबत नाहीत. त्यांचं तोंड कधी कुठे वळायचं ते रुळाशेजारची पट्टी ठरवते. गाडीची उंच पाठ मागचं दिसू देत नाही. तुम्ही काय पाहायचं आणि किती सेकंद पाहायचं, हे दोन्ही दुसऱ्याने ठरवलेलं.

(दृश्य : नाचघर. आरपार दिसणारी जोडपी गिरक्या घेतात.)

हीच ती टेबलावरची मांडणी, पण इमारतीएवढी. तुमची गाडी माडीवरून चालली आहे. समोर काच. काचेपलीकडे खरं टेबल, खऱ्या खुर्च्या. नाचणारे पुतळे मात्र तुमच्या पायांखाली, काचेच्या अलीकडे, काळ्या खोलीत फिरताहेत. जोडप्यांकडे नीट बघा : पुढाकार बायका घेताहेत. प्रतिबिंबात डावं-उजवं बदललं आणि हात उलटे झाले. अर्धशतक उलटलं तरी ते तसंच आहे, आणि जाणकार पाहुणा शेजारच्याला कोपर मारून ते दाखवतो.

तिथल्या काचेला एक भोक आहे म्हणतात, कुणीतरी काहीतरी मारलेलं. आधी काचा बसवल्या, मग छप्पर चढलं, त्यामुळे काच बदलणं अशक्य. म्हणून त्यावर कोळी चिकटवला, असं सांगतात. जुने चाहते गाडीत बसल्या बसल्या आधी तो कोळी शोधतात.

इथेच एक गैरसमज दूर करायला हवा. वीस-तीस वर्षं पास काढून येणाऱ्यांचं मन आता रमत नाही, कारण त्यांना सगळ्या युक्त्या कळल्या, असं सर्रास म्हटलं जातं. युक्त्या त्यांना केव्हाच कळल्या होत्या. कळल्यावर त्यांचं येणं वाढलं होतं.

(दृश्य : मेन स्ट्रीट, मग किल्ला. कॅमेरा विटांवरून वर चढतो.)

हा डिस्नेलँडचा किल्ला, ७७ फूट. वरच्या विटा खालच्यांपेक्षा लहान आहेत, म्हणून उंची डोळ्याला जास्त वाटते. रस्त्यावरच्या दुकानांचे वरचे मजलेही असेच आखडते घेतलेले. फ्लोरिडाचा किल्ला १८९ फूट. २०० फुटांच्या वर गेलं की विमानांसाठी इशाऱ्याचा दिवा लावावा लागतो, आणि परीकथेतल्या मनोऱ्यावर लाल दिवा कुणाला हवा?

(दृश्य : भिंतीतलं साधं दार. पाटी नाही. गणवेशातला माणूस आत जातो, दार मिटतं.)

फ्लोरिडाचं मॅजिक किंगडम १ ऑक्टोबर १९७१ ला उघडलं. पाहुणे तिथे जमिनीवर चालत नाहीत, दुसऱ्या मजल्यावर चालतात. खालचा मजला म्हणजे बोगदे. दलदलीची जागा, खणलं की पाणी लागतं, म्हणून बोगदे जमिनीवरच बांधले आणि शेजारचं तळं खणून निघालेली माती भोवती भरली. हा खटाटोप कशासाठी, तर काउबॉयच्या वेशातला कामगार भविष्यनगरीतून चालत गेलेला दिसू नये. जिथे लपवणं जमत नाही, तिथे दारं आणि कुंपणं एका मळकट करड्या-हिरव्या रंगाने रंगवतात. नजर त्यावर ठरत नाही, पुढे सरकते.

लपवाछपवीची ही सगळी मेहनत चाहत्यांना पाठ आहे. ती त्यांना फसवणूक वाटत नाही, पाहुणचार वाटतो.

(दृश्य : अ‍ॅनिमल किंगडम, फ्लोरिडातलीच डिस्नेची आणखी एक बाग. डोंगरातून गाडी सुसाट उतरते. अंधारात लखलखणाऱ्या दिव्यात यती.)

मग हा यती. एक्सपिडिशन एव्हरेस्ट नावाची राइड, २००६. २५ फूट उंच, हायड्रॉलिक बळावर हालणारा, गाडी खालून जाताना झेप घेऊन पंजा मारणारा. काही काळ त्याने मारला. मग हालचाल बंद झाली आणि त्याच्यावर लुकलुकणारा दिवा लावला. उजेड-अंधार भराभर बदलला की डोळ्याला हालल्याचा भास होतो, एवढाच आधार. चाहते त्याला डिस्को यती म्हणतात.

एवढं अवजड धूड झटक्याने फेकायचं आणि झटक्याने थांबवायचं, तर प्रत्येक झटका सांगाड्याला आणि पायाला सोसावा लागतो. दुरुस्ती करायची तर तो डोंगराच्या पोटात, भोवती गाडीचे रूळ. बाहेर काढायला वाट नाही. बांधणाऱ्यांनी कमाल केली. दुरुस्तीसाठी हात कुठून घालायचा, याची सोय मात्र तेवढ्या कमालीची नव्हती.

देखभालीचं काम कुणाच्या डोळ्यांत भरत नाही, हीच त्याची अडचण. रबरी कातडी आधी ओठांच्या कोपऱ्यांत, मग कोपरात फाटते, कारण दिवसातून हजारो वेळा ती तिथेच दुमडते. हायड्रॉलिक तेल गळून कपड्यांवर उतरतं. हवेच्या दाबावरच्या पुतळ्याची झडप झिजली की मान एका बाजूला थबकते. मॅन्शनमध्ये धूळ आणि जाळी मुद्दाम पसरतात. नाचघराची काच तेवढी लख्ख लागते. एकाच घरात धूळ घालायची आणि धूळ पुसायची, हे रोजचं काम आहे, रात्रीचं, बंद दाराआडचं.

(दृश्य : रांग. खांबाजवळ ती दुसऱ्या रांगेला मिळते. एक कर्मचारी हाताने इशारा करतो.)

आता हा खांब बघा. इथे दोन रांगा मिळतात : डावीकडून पैसे भरून आलेले, उजवीकडून नुसते थांबलेले.

समजा, राइडची क्षमता ताशी १,५०० माणसांची. रांगेत ३०० माणसं उभी. एकच रांग असेल तर त्यांचा नंबर १२ मिनिटांत लागतो. पण कर्मचारी डावीकडचे चार आणि उजवीकडचा एक असं सोडत असेल, तर उजवीकडे ताशी ३०० जागाच उरतात. तीच ३०० माणसं, तीच राइड, आणि थांबायचा एक तास.

राइड बंद पडली तर आणखी बिकट. तेवढ्या वेळात ज्यांची पाळी चुकली त्यांना नंतर कधीही या, असं सांगितलं जातं, आणि सुरू होताच ते सगळे एकदम येतात. मग डावीकडची रांग वाहते, उजवीकडची पुतळ्यासारखी उभी.

(दृश्य : जुनं कागदी तिकीट, हातात.)

पैसे मोजणं इथे नवं नाही. पूर्वी तिकिटांचं पुस्तकच मिळायचं, ए पासून इ पर्यंत, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. पाचवं, ‘इ’ तिकीट १९५९ पासून, सगळ्यात मोठ्या राइडसाठी. १९८२ पर्यंत ही पद्धत चालली. जुन्या आठवणी काढताना चाहते हे सोयीस्कर विसरतात. मात्र ‘इ’ तिकीटवाले सगळे एकाच रांगेत उभे राहायचे.

१९९९ मध्ये फास्टपास आला : राइडजवळच्या यंत्रात तिकीट घालायचं, एक तासाची वेळ छापलेला कागद घ्यायचा, तोवर दुसरीकडे भटकायचं. फुकट. ऑक्टोबर २०२१ मध्ये फ्लोरिडात त्याच्या जागी जीनी प्लस आलं, म्हणजे पैसे भरून जलद रांगेत शिरायची सोय, माणशी दिवसाला १५ डॉलर, आणि सगळं फोनवर गेलं. सकाळी सातला पहिली नोंद. जुलै २०२४ मध्ये नाव बदललं, नोंदणी काही दिवस आधीपासून सुरू झाली. त्याच वर्षी डिस्नेलँडमध्ये सगळ्या जलद रांगांत एकेकदा शिरायचा पास निघाला, सुरुवातीला ४०० डॉलरचा.

(दृश्य : इंडियाना जोन्स राइडची वाट. दगडी विहीर, वर दोर.)

रांग ही गोष्टीची सुरुवात होती. १९९५ च्या या राइडची वाट बघा : लांबलचक, मंदिराच्या पोटातून जाणारी. विहिरीवर दोर, शेजारी पाटी, दोर ओढू नका. कुणीतरी ओढतोच, आणि खालून वैतागलेला आवाज येतो. हे सगळं रमतगमत चालणाऱ्यासाठी रचलेलं. जलद रांगेतला इथून पळत जातो. थांबलेला इतका वेळ थांबतो की दोराची गंमत तिसऱ्यांदा संपते, मग तो खिशात हात घालतो.

(दृश्य : रांगेतले चेहरे, खालून निळसर उजेड.)

जुनी माणसं दुरावली. काहींनी पास पुन्हा काढला नाही. डिस्नेलँडने तर २०२१ मध्ये जुनी वार्षिक पास योजनाच बंद केली. ७ जुलै २०२५ पासून मॅजिक किंगडममधली नदी आणि चाकाची बोटही बंद झाली.

(दृश्य : बोटीचं लाल चाक. पाणी. आवाज फक्त चाकाचा, वीस सेकंद.)

(दृश्य : पुन्हा मॅन्शनमधल्या गाड्या. माळ थांबते.)

ही माळ मधेच थांबते तेव्हा ऐका. कुणाला बसायला वेळ लागतोय म्हणून थांबली असेल, तरी भुताच्या आवाजात सांगितलं जातं की खोडकर पिशाच्चांनी खोळंबा केला आहे. बिघाडसुद्धा गोष्टीत ओवून घेतलेला. फोनवर येणारा निरोप तसा ओवलेला नाही. तुमची वेळ १:२५ ते २:२५, पुढची नोंद आता करता येईल. हिशोब लपवणारं कुणी नाही. तो ज्याचा त्याने करायचा, अंधारातसुद्धा.

(दृश्य : पुन्हा टेबल. अंधार. खुर्चीत बाहुली.)

शेवटचा प्रयोग. मांडणी तीच, काच पुसलेली, अंतरं मोजलेली. कॅमेऱ्याशेजारी एक फोन ठेवला आहे. काच उभी असल्यामुळे त्याचा उजेड सरळ काचेवर जाऊन सरळ परत येतो.

(फोन उजळतो. खोलीच्या मधोमध पांढरा चौकोन तरंगतो. बाहुली फिकी होत नाहीशी होते.)

खुर्ची जागेवर आहे. बाहुलीवरचा दिवाही चालू आहे, तेवढाच.

(फोन विझतो. बाहुली परत येते. कॅमेरा चालू राहतो. पुढे निवेदन नाही. फोन पुन्हा उजळतो.)