अमेरिकेच्या नकाशावरची नावं

श्रोतेहो, नमस्कार.

न्यू जर्सीत आज कितीतरी मराठी घरं नांदताहेत. तिथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याच्या नावाबरोबर आणखी दोन शब्द असतात, ‘गार्डन स्टेट’. म्हणजे बागांचं राज्य. 1954 साली तिथल्या विधिमंडळानं हे शब्द पाटीवर घालायचा कायदा केला, तेव्हा गव्हर्नर रॉबर्ट मेनर यांना तो पटला नव्हता. त्यांनी नकाराधिकार वापरला, विधिमंडळानं तो फेटाळला, आणि टोपणनाव गाड्यांवर चढलं. राज्याचं मूळ नाव मात्र 1664 मधलं. इंग्लंडच्या यादवी युद्धात सर जॉर्ज कार्टरेट यांनी राजाच्या बाजूनं जर्सी बेट लढवलं होतं. त्यांना अमेरिकेत जमीन मिळाली आणि तिला त्यांच्या बेटाचं नाव मिळालं.

पूर्व किनाऱ्यावरची बरीच नावं अशी दरबारी आहेत. व्हर्जिनिया हे कुमारी राणी एलिझाबेथवरून, मेरीलँड हे पहिल्या चार्ल्सच्या राणीवरून, जॉर्जिया हे दुसऱ्या जॉर्जवरून. फ्रेंचांनी मिसिसिपीचं खोरं चौदाव्या लुईच्या नावे केलं, ते लुइझियाना. यात सांगण्यासारखं फार नाही.

पेनसिल्व्हेनियाची गोष्ट मात्र मला मनापासून आवडते. राजा दुसरा चार्ल्स अॅडमिरल पेन यांचं देणं लागत होता. अॅडमिरल वारल्यावर त्यांच्या मुलाला, विल्यम पेनला, राजानं 1681 मध्ये पैशांऐवजी अमेरिकेतला मोठा मुलूख दिला. विल्यम पेन क्वेकर पंथाचा. साधेपणा हा त्याच्या धर्माचाच भाग. त्यानं आधी ‘न्यू वेल्स’ सुचवलं, मग जंगलांवरून ‘सिल्व्हेनिया’. राजानं त्याच्या पुढे ‘पेन’ जोडलं. आपण स्वतःचंच नाव मुलखाला दिलं असं लोक म्हणतील, या विचारानं पेन अस्वस्थ झाला. नाव बदलून घेण्यासाठी त्यानं सचिवाला वीस गिनी देऊ केल्या. पण राजाला अॅडमिरलचा मान राखायचा होता. नाव राहिलं.

पेनला मिळालेल्या या जमिनीवर लेनापे लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, आणि आजच्या बोलण्यातली माझी खरी तळमळ त्यांच्याविषयी आहे. अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी सुमारे निम्म्यांची नावं मूळनिवासींच्या भाषांतून आली आहेत. मिसिसिपी म्हणजे ओजिब्वे भाषेत मोठी नदी. कनेक्टिकट म्हणजे लांबलचक नदीचा काठ. नकाशा ऐकला तर त्या लोकांचं बोलणं अजून कानावर येतं. पण ज्यांचे हे शब्द, ते लोक कुठे गेले, हे विचारल्याशिवाय या नावांची गोष्ट पुरी होत नाही.

लेनापेंचंच बघा. व्हर्जिनियाचे एक गव्हर्नर होते लॉर्ड डे ला वार. 1610 मध्ये त्यांचं नाव एका उपसागराला दिलं गेलं, पुढे नदीला, आणि मग त्या नदीकाठी राहणाऱ्या लेनापे लोकांनाच इंग्रज ‘डेलावेअर’ म्हणू लागले. एका इंग्रज सरदाराचं नाव एका अख्ख्या जमातीला चिकटलं. डेलावेअर राज्यानं 7 डिसेंबर 1787 रोजी सर्वांत आधी राज्यघटनेला मान्यता दिली, म्हणून त्याचं टोपणनाव ‘फर्स्ट स्टेट’.

याच लेनापेंच्या बोलीत मोठ्या नदीकाठच्या सपाट प्रदेशाला जो शब्द होता, त्यावरून पेनसिल्व्हेनियातल्या एका खोऱ्याचं नाव पडलं वायोमिंग. तिथल्या 1778 च्या लढाईवर पुढे एका ब्रिटिश कवीनं दीर्घ काव्य लिहिलं आणि नाव सगळीकडे पोचलं. 1865 मध्ये अमेरिकेच्या संसदेतले, म्हणजे काँग्रेसमधले, ओहायोचे सदस्य जेम्स अॅश्ली यांनी ते दूर पश्चिमेतल्या एका नव्या प्रदेशासाठी सुचवलं. तिथे डोंगर होते, गवताळ माळरानं होती; शोशोनी, अरापाहो या जमाती होत्या. लेनापेंची ती भूमी कधीच नव्हती. त्यांना तोवर पश्चिमेकडे हलवत हलवत नेलं होतं, आणि आज त्यांच्यातल्या अनेकांची वस्ती ओक्लाहोमात आहे. वायोमिंगचं टोपणनाव मात्र त्या राज्यानं स्वतः कमावलेलं आहे. 1869 मध्ये तिथल्या विधिमंडळानं स्त्रियांना मताचा हक्क दिला, सबंध देशाच्या पन्नास वर्षं आधी. म्हणून ते ‘इक्वॅलिटी स्टेट’, समतेचं राज्य.

आयडाहोची कथा याच्या उलट आहे. 1860 च्या सुमारास रॉकी पर्वतातल्या खाणींच्या मुलखाला नाव हवं होतं. जॉर्ज विलिंग नावाच्या गृहस्थांनी ‘आयडाहो’ सुचवलं आणि हा मूळनिवासींचा शब्द आहे, अर्थ ‘डोंगरांतलं रत्न’, असं सांगितलं. पुढे तो रचलेला शब्द असल्याचं कळलं. काँग्रेसनं 1861 मध्ये नाव बदलून त्या मुलखाला ‘कोलोरॅडो’ केलं. पण तोवर आयडाहो लोकांच्या तोंडी बसलं होतं. वायव्येला कोलंबिया नदीतल्या एका आगबोटीचं ते नाव होतं, तिथल्या खाणींनाही लोक आयडाहो म्हणू लागले, आणि 1863 मध्ये काँग्रेसनंच तिथल्या प्रदेशाला ते दिलं. आजही राज्याचं टोपणनाव आहे ‘जेम स्टेट’, रत्नांचं राज्य. इतक्या खऱ्या भाषा आसपास बोलल्या जात असताना एक शब्द रचून तो त्यांच्या माथी मारावा, याचं मला फार वाईट वाटतं.

युटात मॉर्मन पंथीयांना ‘डेझरेट’ हे नाव हवं होतं. त्यांच्या धर्मग्रंथात त्याचा अर्थ मधमाशी. 1850 मध्ये काँग्रेसनं ते नाकारलं आणि तिथल्या यूट जमातीवरून युटा नाव ठेवलं. मधमाशी टोपणनावात शिरली. युटा आजही ‘बीहाइव्ह स्टेट’ आहे, आणि राज्याच्या झेंड्यावर मधमाश्यांचं पोळं आहे.

शेवटी ओक्लाहोमा. चॉक्टॉ भाषेत ‘ओक्ला’ म्हणजे लोक, ‘हुम्मा’ म्हणजे लाल. 1866 मध्ये वॉशिंग्टनमध्ये तहाची बोलणी चालली असताना चॉक्टॉ धर्मोपदेशक अॅलन राइट यांनी हे नाव सुचवलं. तो मुलूख तेव्हा इंडियन टेरिटरी, म्हणजे मूळनिवासींसाठी राखलेला प्रदेश, होता. 1830 च्या दशकात चॉक्टॉ, चेरोकी, क्रीक अशा जमातींना आग्नेयेकडच्या घरांतून उठवून तिथे आणलं होतं. वाटेत थंडीनं आणि रोगराईनं हजारो माणसं दगावली. ही जमीन कायम तुमची राहील, असं त्यांना सांगितलं होतं.

22 एप्रिल 1889 रोजी दुपारी बारा वाजता त्यातलीच सुमारे वीस लाख एकर जमीन वसाहतीसाठी खुली झाली. पन्नासेक हजार माणसं घोड्यांवरून, गाड्यांतून धावली. जो आधी खुंट रोवेल त्याला 160 एकर. काही जण वेळेआधीच चोरून आत जाऊन बसले होते. त्यांना ‘सूनर’, म्हणजे आधी घुसलेले, म्हणत. तेव्हा ती शिवी होती. आज ओक्लाहोमाचं टोपणनाव ‘सूनर स्टेट’ आहे, आणि विद्यापीठाचा फुटबॉल संघही अभिमानानं तेच नाव मिरवतो.

आणखी एक नाव नकाशावर यायचं होतं. 1905 मध्ये मस्कोगी गावात जमातींच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून स्वतःच्या वेगळ्या राज्याची घटना लिहिली. चेरोकी भाषेला लिपी देणारे विद्वान सेक्वोया यांचं नाव त्या राज्याला द्यायचं ठरलं. लोकांनी मतदानात मोठ्या बहुमतानं ती घटना मंजूर केली, पण काँग्रेसनं तिच्याकडे लक्ष दिलं नाही. 1907 मध्ये इंडियन टेरिटरी आणि शेजारची ओक्लाहोमा टेरिटरी हे दोन्ही मुलूख जोडून ओक्लाहोमा राज्य झालं. सेक्वोया हे त्या राज्यातल्या एका काउंटीचं नाव आहे.