वर बघा, ताकापाऊ

न्यूझीलंडमधलं हाराकेकेचं, म्हणजे धागा देणाऱ्या झुडपाचं, दाट बेट. तलवारीसारखी लांब, ताठ पानं. तिथल्या मूळच्या माओरी लोकांतली विणकरीण आधी प्रार्थना म्हणते, मगच पातं उचलते. मधला कोंब म्हणजे लेकरू. त्याला दोन्ही बाजूंनी बिलगलेली पानं आईबाप. त्यांना धक्का लावायचा नाही. कापायची ती बाहेरची, जुनी पानं. पावसात तीही नाहीत.

शिंपल्यानं पान खरवडलं की आतून रेशमासारखा धागा सुटतो, मूका. मागाशिवाय, नुसत्या बोटांनी त्याचे झगे विणतात. एकेका झग्याला महिनोन्‌महिने लागतात. आणि जगभरच्या संग्रहालयांतल्या कितीतरी झग्यांपाशी विणणारीचं नाव नाही! पुरुषांचं लाकडी कोरीवकाम कला, बायकांचं विणणं मात्र हस्तकला, ही वाटणी फार काळ चालली.

‘ते कुटी’ या गावच्या रंगीमारी हेटेट (१८९२–१९९५) यांना ही विद्या आईकडून मिळाली. ती आपल्याच लोकांत ठेवायची, असा दंडक होता. १९५१ मध्ये माओरी महिला कल्याण संघ स्थापन झाला, तेव्हा त्यांनी तो मोडला आणि इतर जमातींच्या बायकांनाही शिकवू लागल्या. मला हे फार मोठं धाडस वाटतं.

माओरी बायका आपल्या स्त्रीवादाला ‘माना वाहिने’ म्हणतात. बाईचं तेज, तिचा अधिकार. तो कुणाकडून मागून घ्यायचा नसतो, पूर्वजांकडून आलेलाच असतो. १८९३ मध्ये मेरी ते ताई मंगाकाहिया ही माओरी बाई माओरींच्या स्वतःच्या संसदेपुढे उभी राहिली, तेव्हा म्हणणं हेच होतं: जमिनी आमच्याही नावावर आहेत, मग मत का नको?

आता व्हेनिस, २०२४. बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं जागतिक कलाप्रदर्शन. चार माओरी बायकांचा ‘माताआहो’ हा गट २०१२ पासून एकत्र काम करतो. कुठलं काम कुणाच्या हातचं, हे त्या सांगत बसत नाहीत. काम चौघींचं. त्यांनी इथे हाराकेके आणलेलं नाही. ट्रकवरचा माल आवळायचे चमकते पट्टे आणले, स्टीलची बकलं आणली. राबणाऱ्या माणसांच्या रोजच्या हाताळणीतलं सामान. वीण मात्र चटईची. कामाचं नावही तेच, ‘ताकापाऊ’: बाळंतपणात, विधींत अंथरायची बारीक विणीची चटई. बाळ अंधारातून उजेडात येतं, ते तिच्यावर.

त्या वर्षी बिएनालेचा सुवर्णसिंह, तिथला मानाचा पुरस्कार, या कामाला मिळाला.

चटई इथे जमिनीवर नाही, डोक्यावर आहे. पट्ट्यांतून उजेड झिरपतो, जुन्या विटांच्या भिंतींवर जाळीदार सावल्या पडतात. याच इमारतीत एके काळी गलबतांचे दोर वळले जात. लोक आत येतात, मान वर करतात आणि चालता चालता थबकतात.